खापर थंडीच्या माथीं फोडूं नये

एकाद्या कामांत बिघाड झाला म्हणजे आपला दोष झांकून तो दुसऱ्याच्या माथीं मारण्याची मनुष्याची खोड फार जुनी आहे. आणि तिला आपल्या भाषेनें 'खापर फोडणें' असें मोठें समर्पक नांव देऊन ठेवलें आहे. प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य ज्या गांवीं आहे त्या गांवाचें नांवच खापर असल्यामुळें ह्या वाक्प्रचाराकडे त्याचें लक्ष इतरांपेक्षां अंमळ अधिक जातें, ह्याबद्दल वाचक क्षमा करतील. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. मडकें फुटलें कीं खापर उरतें, आणि मग तें कोणाच्या माथीं फोडावयाचें हा प्रश्न उत्पन्न होतो. ह्या लेखांत ज्या भांड्यांचा आणि नळ्यांचा विचार करावयाचा आहे तीं मातीचीं नव्हेत. तीं तांब्यापितळेचीं, लोखंडाचीं आणि प्लॅस्टिकचीं आहेत. परंतु तींहि हिंवाळ्यांत फुटतात, आणि फुटलीं म्हणजे घरधनी थंडीच्या नांवानें बोटें मोडतो. वस्तुतः थंडीचा दोष त्यांत फार थोडा असतो. दोष असतो तो आंत कोंडून राहिलेल्या पाण्याचा, आणि तें तेथें राहूं देणाऱ्या विस्मृतीचा. एवढी एक गोष्ट मनावर ठसली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

खापर हें नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्याचें गांव. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. गुजराथची हद्दहि येथून फार दूर नाहीं. उन्हाळ्यांत ह्या सपाटीवर पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. त्यामुळें पाणी गोठण्याची भीति येथें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु देवगोईचा घाट चढून मोलगीच्या वाटेला लागलें म्हणजे जणूं निराळाच देश लागतो. तिकडे डोंगरांत डाब व वालंबा ह्या गांवांच्या परिसरांत ऐन हिंवाळ्यांत गवताच्या काड्यांवर, छपरांवर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर पहांटे दंव गोठून पांढरा थर बसतो. अलीकडील कित्येक हिंवाळ्यांत हें वृत्त वर्तमानपत्रांतून येऊन गेलें आहे. डाबकडील आदिवासी शेतकरी आतां स्ट्रॉबेरीचेंहि पीक घेतात; अशा कोंवळ्या पिकाला हा थर मानवत नाहीं, हें सांगावयास नकोच. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं हाच देखावा दिसतो, आणि प्रवासी तो पाहण्याकरितां मुद्दाम पहांटे उठतात.

येथें एक शंका सहज उद्भवते. वेधशाळेचा पारा चार-पांच अंशांवर असतांना दंव गोठावें कसें? ह्याचें उत्तर असें कीं, वेधशाळेचा उष्णतामापक जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटींत ठेवलेला असतो. तो हवेची उष्णता सांगतो, गवताची नव्हे. निरभ्र आणि निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकीत राहते, आणि गवत, पत्रा, कांच ह्यांसारख्या उघड्या वस्तू भोंवतालच्या हवेहूनहि थंड होतात. शिवाय थंड हवा जड असल्यामुळें ती उतारावरून ओघळत येऊन खोलगट जागीं सांचते. म्हणून ज्या रात्रीं पारा शून्याच्या वर आहे त्या रात्रींहि आकाशाकडे तोंड करून असलेल्या पातळ नळींतील पाणी गोठूं शकतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग पडणार आहे.

आपल्या पूर्वजांस हिम अपरिचित नव्हतें. अमरकोशांत त्याला अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, प्रालेय, मिहिका अशीं एकाहून एक सुंदर नांवें आढळतात. परंतु भिंतीच्या आंत दडून घर नासविणाऱ्या हिमाला तेथें नांव नाहीं. कारण त्या काळीं भिंतींत नळ नव्हते. पाणी घागरींत असे, आणि घागर पालथी घालून ठेवतां येत असे. जेथें नळ आला तेथें घागर पालथी घालण्याची ती जुनी संवय नव्या रूपानें शिकावी लागते, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, अक्कलकुव्याच्या डोंगरावरील दंवाशीं आमच्या घरच्या नळांचा संबंध काय? देशावर राहणाऱ्यांचा संबंध खरोखरच थोडा आहे. परंतु आज मध्यमवर्गीय कुटुंबांपैकीं असें कुटुंब विरळा कीं ज्यांतील एकादा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाचा शीत देशांत संसार करीत नाहीं. उत्तर अमेरिकेंतील मराठी मंडळांना एकत्र गुंफणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें, ह्यावरून तिकडील आपल्या वस्तीचें वय ध्यानांत येईल. ह्या कुटुंबांपैकीं पुष्कळांस तिकडील एक हौस लागली आहे. ती म्हणजे चाकांवरच्या घराची. मोटारीलाच घर जोडलेलें, किंवा मोटारीमागें ओढावयाचें असें हें घर असतें. आपण त्याला घरगाडी म्हणूं. तींत निजावयास जागा, ओटा, शेगडी, न्हाणी आणि संडास, सर्व कांहीं असतें. उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांना घेऊन ह्या घरगाडींतून अरण्यें आणि सरोवरें पाहत हिंडावें, आणि हिंवाळा आला म्हणजे ती अंगणांत उभी करून ठेवावी, असा तिकडचा क्रम. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ सालीं अशा गाड्यांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. तेव्हां हा विषय आपणांसहि अगदींच परका राहिलेला नाहीं.

घरगाडींतील पाण्याची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. स्वच्छ पाण्याची एक टांकी, मोरीच्या सांडपाण्याची दुसरी, आणि संडासाची तिसरी. बॅटरीवर चालणारा एक लहान पंप स्वच्छ पाणी नळांकडे ढकलतो. वाटेंत एक गिझर असतो. त्यापासून पुढें गार आणि ऊन पाण्याच्या दोन निरनिराळ्या नळ्या निघतात. ह्या नळ्या फळ्यांच्या मागें, गादीच्या खालीं, कपाटाच्या पाठीशीं अशा दडवून नेलेल्या असतात. गाडीची भिंत जेमतेम दोन बोटें जाड. तींत ऊब टिकावी कशी? घर बंद करून सर्वजण निघून गेले म्हणजे ह्या नळ्यांना बाहेरच्या हवेइतकीच थंडी लागते; आणि मिनेसोटासारख्या राज्यांत ती शून्याखालीं तीस अंशांपर्यंतहि उतरते.

पाण्याचा स्वभाव इतर पदार्थांहून वेगळा आहे. बहुतेक पदार्थ थंड होतां होतां आकसत जातात. पाणीहि तसें आकसतें. पण केवळ चार अंश सेल्सियसपर्यंत. त्याच्या खालीं तें उलट प्रसरण पावूं लागतें, आणि बर्फ होतांना तर एकदम सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. म्हणजे अकरा लिटर पाण्याचें जवळ जवळ बारा लिटर बर्फ होतें. ह्याच गुणामुळें बर्फ पाण्यावर तरंगतें, सरोवरें वरून गोठतात आणि तळाशीं मासे जिवंत राहतात. ईश्वरी योजनेंतील ही मोठी दयाच म्हटली पाहिजे. परंतु नळींत कोंडलेल्या पाण्याला तोच गुण घातक होतो.

ह्या शक्तीची परीक्षा कानडा देशांत क्वेबेक येथें १७८४-८५ च्या हिंवाळ्यांत इंग्रजी तोफखान्याचे मेजर विल्यम्स ह्यांनीं केलेली प्रसिद्ध आहे. त्यांनीं लोखंडाचे पोकळ तोफगोळे पाण्यानें भरले, त्यांच्या तोंडांत लोखंडी गुडद्या ठोकून बसविल्या, आणि ते उघड्यावर ठेवून दिले. पाणी गोठलें तेव्हां एका गोळ्याची गुडदी उडून चारशे फुटांहून अधिक दूर जाऊन पडली. दुसऱ्या कांहीं गोळ्यांची गुडदी उडाली नाहीं, तेव्हां गोळेच तडकले. जें पाणी तोफेच्या गोळ्याला उकलतें त्याच्यापुढें बोटभर प्लॅस्टिकच्या नळीचा पाड काय?

येथें आणखी एक बारकावा आहे, आणि सर्व उपचाराचें रहस्य त्यांतच आहे. नळी बहुधा बर्फ झालेल्या जागींच फुटते असें नव्हे. नळींत एके ठिकाणीं बर्फाचा बोळा धरतो आणि वाढूं लागतो. पुढें तोटी बंद असेल तर बोळा आणि तोटी ह्यांच्यामध्यें सांपडलेलें, अद्याप न गोठलेलें पाणी दाबलें जातें. त्याला कोठेंच वाट नसते. दाब वाढत वाढत जातो, आणि अखेर नळी जेथें कमकुवत असेल तेथें, बहुधा सांध्यापाशीं, फुटते. तोटी उघडी असती तर तेंच पाणी निमूटपणें बाहेर आलें असतें. म्हणून ह्या कामाचीं सूत्रें दोनच आहेत: काढतां येईल तेवढें पाणी काढावें, आणि उरेल त्याला वाट मोकळी ठेवावी.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. ती क्रमानेंच करावी. क्रम चुकला म्हणजे केलेलें काम पुनः करावें लागतें.

आरंभीं दोन्ही मळक्या टांक्या ठरलेल्या जागीं रित्या कराव्या. आधीं संडासाची आणि मागून मोरीची. म्हणजे मागच्या पाण्यानें पुढची रबरी नळी धुवून निघते. नंतर स्वच्छ पाण्याच्या टांकीचें बूच काढून ती निथळूं द्यावी.

दुसरें काम गिझरचें. त्याची वीज आणि गॅस दोन्ही बंद करावीं, आणि आंतील पाणी पूर्ण निवूं द्यावें. ऊन पाण्याचें बूच उतावीळपणें उघडून हात भाजून घेतल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. निवाल्यावर एक तोटी सोडून आंतील दाब घालवावा, मग तळाचें बूच काढावें, आणि वरच्या अंगास असलेला दाबाचा व्हॉल्व्ह उचलावा. म्हणजे हवा आंत शिरून पाणी भडभडां बाहेर येतें. ह्या गिझरांत बहुधा बावीस किंवा अडतीस लिटर पाणी मावतें. कित्येक गिझरांत बुचालाच मॅग्नेशियमची किंवा ॲल्युमिनियमची एक कांडी जोडलेली असते. टांकीच्या पोलादाला गंज लागण्याऐवजीं ही कांडीच झिजत जाते. दुसऱ्यासाठीं झिजणारी ही कांडी वर्षांतून एकदां तरी डोळ्यांखालून घालावी, आणि ती फार खंगली असल्यास बदलावी. येथें एक ताकीद महत्त्वाची आहे: गिझर पुनः पाण्यानें भरेपर्यंत त्याची वीज चुकूनहि चालूं करूं नये, कोरड्या टांकींत आंतली विजेची कांडी पाहतां पाहतां जळून जाते.

तिसरें काम गिझरला वळसा घालण्याचें. त्याच्या पाठीमागें ह्याकरितां एक किंवा अधिक व्हॉल्व्ह बसविलेले असतात. ते फिरविले म्हणजे पुढें जो द्रव आपण नळ्यांत सोडणार आहों तो गिझरमध्यें न शिरतां सरळ ऊन पाण्याच्या नळींत जातो, आणि गिझर भरेल इतका द्रव फुकट जात नाहीं.

चौथें, सर्व तोट्या उघडून गाडीच्या पोटाखालील सर्वांत खालच्या नळ्यांचीं बुचें काढावीं, आणि पंप क्षणभर चालवून त्याच्या पोटांतलें पाणीहि बाहेर काढावें. पाणी गाळण्याचा फिल्टर असल्यास त्याची कांडी काढून भांडें रितें करावें.

इतकें करूनहि नळ्यांच्या वळणांत थोडें पाणी राहतेंच. तें घालविण्याचे मार्ग दोन आहेत. एक मार्ग दाबलेल्या हवेचा. मोटारीच्या चाकांत हवा भरण्याच्या यंत्रानें नळ्यांत हवा सोडावी, आणि एका वेळीं एकच तोटी उघडून पाण्याचा फवारा थांबेपर्यंत वाट पाहावी. दाब मात्र दर चौरस इंचास तीस ते पन्नास पौंडांच्या आंत ठेवावा. घाईनें तो वाढविला तर थंडीनें जें फोडावयाचें तें आपणच फोडूं. दुसरा मार्ग गुलाबी रंगाच्या न गोठणाऱ्या द्रवाचा. पंपाची ओढती नळी ह्या द्रवाच्या बाटलींत बुडवावी, पंप चालूं करावा, आणि एकामागून एक प्रत्येक तोटी, गार आणि ऊन वेगवेगळी, गुलाबी धार येईपर्यंत सोडून मग बंद करावी. ओट्यावरचा नळ, बेसिन, न्हाणीचा फवारा, संडासाचें पाणी, ह्यांपैकीं एकहि सुटतां कामा नये. गिझरला वळसा घातलेला असल्यास आठ ते बारा लिटर द्रव बहुधा पुरतो. शेवटीं प्रत्येक मोरीच्या तोंडांत पेलाभर द्रव ओतावा. कारण दुर्गंधि अडविण्यासाठीं मोरीखालच्या वाकड्या नळींत नेहमीं पाणी सांचून असतें, आणि तेंहि गोठतें. हवेचा मार्ग पत्करला तरी मोऱ्यांकरितां आणि पंपाकरितां हा द्रव लागतोच. सर्व आटोपल्यावर तोट्या एकवार सोडून दाब घालवावा आणि त्या उघड्याच ठेवाव्या.

ह्यांत 'एकहि सुटतां कामा नये' हे शब्द वाचकांस कदाचित् मास्तरी थाटाचे वाटतील. म्हणून एक हकीकत सांगतों. प्रस्तुत लेखकाच्या हाताखालीं सातवींत शिकून गेलेला एक विद्यार्थी आज मिनेसोटांत नोकरीस आहे. त्यानें एक जुनी घरगाडी विकत घेतली, आणि पहिल्याच वर्षीं शरद ऋतूंत वरील सर्व कृति मनापासून केली. फक्त गाडीच्या बाहेरच्या अंगास, चिखलाचे पाय धुण्याकरितां एका लहान झडपेआड बसविलेला फवारा त्याच्या ध्यानांत आला नाहीं. त्या वीतभर नळींत पेलाभर पाणी राहिलें. वसंतांत टांकी भरली, पंप चालूं केला, सर्व ठीक दिसलें. आणि तीन आठवड्यांनीं मुलीच्या बिछान्याखालची फळी हाताला मऊ लागली. भिंतीच्या आंत तडकलेल्या सांध्यांतून थेंब थेंब पाणी झिरपून तळाचीं लांकडें कुजलीं होतीं. त्या उन्हाळ्यांतली सहल रद्द झाली, आणि मुलीनें ज्या सरोवराचीं चित्रें काढून ठेवलीं होतीं तें तिनें त्या वर्षीं पाहिलें नाहीं. त्याच्या पत्रांत एक वाक्य असें होतें कीं, थंडीनें घात केला. त्याला उत्तरीं लिहिलें तें ह्या लेखाच्या मथळ्यांत आहे. पुढील वर्षापासून त्याची पत्नी सर्व तोट्यांची यादी कागदावर लिहून कपाटाच्या आंतल्या बाजूस डकविते, आणि प्रत्येक तोटीपुढें खूण केल्यावांचून गाडीचें दार लावूं देत नाहीं. दहा ओळींचा तो कागद त्या घराच्या विम्याहून अधिक उपयोगी पडला आहे.

आतां ज्या गोष्टीकरितां हा लेख मुख्यत्वेंकरून कुटुंबाच्या मासिकांत द्यावासा वाटला तिच्याकडे वळूं. बाजारांत न गोठणारे द्रव दोन जातींचे मिळतात, आणि त्यांचीं नांवें ऐकावयास सारखीं आहेत. मोटारीच्या रेडिएटरमध्यें घालतात तें बहुधा एथिलीन ग्लायकॉल. घरगाडीच्या नळ्यांकरितां तयार करतात तें प्रॉपिलीन ग्लायकॉल. पहिलें विष आहे. चवीला तें गोड असल्यामुळें लहान मुलें आणि पाळीव जनावरें त्याच्याकडे ओढलीं जातात. पोटांत गेल्यास तें मूत्रपिंडें निकामी करतें, आणि थोड्या प्रमाणांतहि प्राण घेऊं शकतें. दुसरें, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, शुद्ध स्वरूपांत औषधांत व खाद्यपदार्थांतहि वापरलें जातें. ज्या नळींतून उद्यां मुलाच्या दुधांत घालावयाचें पाणी येणार, तींत पहिल्या जातीचा द्रव थेंबभरहि जातां कामा नये. रंगावर विसंबूं नये, कारण रेडिएटरचा द्रवहि गुलाबी किंवा तांबडा मिळतो. बाटलीवरील नांव वाचावें, आणि तो पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांकरितां आहे असें स्पष्ट लिहिलें असेल तरच घ्यावा. मद्यार्कयुक्त गुलाबी द्रवहि मिळतो. तो पेट घेणारा असतो, आणि रबराच्या चकत्यांनाहि तितकासा मानवत नाहीं.

नांवांतील एका अक्षरसमूहाचा फरक किती महाग पडतो, हें महाराष्ट्रानें स्वतः पाहिलेलें आहे. १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन हें औषध म्हणून दिलें गेलें. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलें होतें. हें वर सांगितलेल्या विषाचेंच भावंड. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगानें त्या प्रकरणाची चौकशी केली, आणि औषधांच्या खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सर्व कारभार उजेडांत आला. तो प्रकार रुग्णालयाचा होता, घरगाडीचा नव्हे. परंतु पाठ तोच आहे. जो पदार्थ मनुष्याच्या पोटाच्या वाटेवर येणार, त्याच्या बाटलीवरील नांव पूर्ण वाचल्याखेरीज बूच उघडूं नये. असा द्रव कोणाच्या पोटांत गेल्याचा संशय जरी आला, तरी लक्षणांची वाट न पाहतां, बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें.

गुलाबी द्रवाच्या बाटलीवर 'उणे ५०' असा आंकडा बहुधा छापलेला असतो, आणि त्याचा अर्थ पुष्कळांस उलगडत नाहीं. तो आंकडा फॅरनहाइटचा, म्हणजे सेल्सियसनें शून्याखालीं सुमारें पंचेचाळीस अंश. शिवाय द्रव तोंपर्यंत पातळच राहतो असें नव्हे. तो त्याच्या पुष्कळ आधींच रवाळ, चिखलासारखा होतो; परंतु घट्ट बर्फासारखा फुगून नळी फोडीत नाहीं, एवढीच त्याची हमी असते. तो तयार मिश्रण म्हणूनच येतो. पुरवठा वाढविण्यासाठीं त्यांत पाणी घालूं नये. नळ्या आधीं निथळावयाच्या त्या ह्याचकरितां: आंत राहिलेलें पाणी मिसळलें कीं द्रवाचें बळ तितकें कमी होतें.

वसंत ऋतु आला म्हणजे सर्व क्रम उलटा करावा. बुचें लावावीं, टांकी भरावी, आणि प्रत्येक तोटी पाणी निर्मळ येईपर्यंत वाहूं द्यावी. मग गिझरचा वळसा काढून तो भरावा. नंतर टांकीच्या दर सत्तावन लिटर पाण्यास साठ मिलिलिटर ह्या प्रमाणांत घरगुती, सुगंध न घातलेलें क्लोरीनचें ब्लीच आधीं पाण्यांत कालवून टांकींत सोडावें, प्रत्येक तोटींत त्याचा वास येईपर्यंत पाणी खेळवावें, आणि रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं सर्व काढून टाकून वास जाईपर्यंत नळ्या धुवाव्या. त्याखेरीज तें पाणी पिण्यास घेऊं नये. पहिले कांहीं दिवस सांध्यांवर आणि फळ्यांवर हात फिरवून ओल आहे काय हें पाहावें. भिंतीआडचा थेंब डोळ्यांस दिसत नाहीं. तो हातालाच प्रथम कळतो.

आपल्या देशांतहि ह्या ज्ञानाचें काम पडूं लागलें आहे. रोहतांगखालील अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला, आणि पूर्वीं हिंवाळ्यांत जगापासून तुटणारें लाहौल आतां त्या ऋतूंतहि पुण्यामुंबईच्या मोटारींच्या आंवाक्यांत आलें. तिकडे घरगाडी घेऊन जाणाऱ्यांनीं रोज संध्याकाळीं नळ्या निथळाव्या, पिण्याचें पाणी डब्यांत भरून माणसांच्या उबेंत ठेवावें, आणि गाडीच्या रेडिएटरमध्यें योग्य प्रमाणाचा द्रव आहे कीं नुसतें पाणी आहे, हें निघण्यापूर्वींच पाहून घ्यावें. ह्या द्रवाचीहि एक गंमत आहे. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल शून्याखालीं तेरा अंशांच्या सुमारास गोठतें. पण तेंच पाण्यांत समभाग मिसळलें कीं सदतीस अंशांपर्यंत टिकतें. तेव्हां येथें 'अधिकस्य अधिकं फलम्' हा न्याय लागू पडत नाहीं.

आणि जे कोठेंच जात नाहींत त्यांनीं वर सांगितलेली उघड्या आकाशाची गोष्ट आठवावी. डाबसारख्या उंच गांवीं, किंवा महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं घराच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविणारें यंत्र असेल, तर त्याच्या कांचेखालच्या बारीक नळ्या रात्रभर आकाशाकडे तोंड करून असतात. शेतावरील उघड्या पंपाच्या पोटांत आणि फवारणीच्या यंत्रांतहि पाणी राहतें. निफाडकडील द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या रात्रीं बागेंत शेकोट्या पेटवून आणि ठिबकानें पाणी सोडून वेली राखतात. त्यांस थंडीचा स्वभाव पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. दंव गोठेल अशा रात्रीं यंत्राचें बूच काढून ठेवण्यास मिनिटभर लागतो, आणि फुटलेलें यंत्र दुरुस्त करून आणण्यास तालुक्याच्या गांवीं दिवस मोडतो.

राहतां राहिला प्रश्न मुहूर्ताचा. मिनेसोटांत बहुतेक ठिकाणीं पहिली गोठवणारी रात्र सप्टेंबरच्या उत्तरार्धांत किंवा ऑक्टोबरांत येते. पहिल्या हलक्या थंडीनें नळ्या फुटतातच असें नाहीं. परंतु तिच्या मागून येणारी थंडी सांगून येत नाहीं. आपल्या पंचांगानें हा काळ नवरात्राच्या आगेंमागें पडतो, आणि खंडेनवमीस आयुधांची व दसऱ्यास वाहनांची पूजा करण्याची आपली चाल आहेच. परदेशीं राहणाऱ्या मुलांस सुचवावेंसें वाटतें कीं, त्या दिवशीं घरगाडीला हार घालण्यापूर्वीं तिचीं बुचें काढावीं, यादीवर खुणा कराव्या, आणि मग हळदकुंकू वाहावें. ज्या वर्षीं दसरा उशिरां येईल त्या वर्षीं घटस्थापनेच्या दिवशींच हें काम उरकावें. कारण थंडी पंचांग पाहून निघत नाहीं.